काठ मगरींचा, पूल आपला

उत्तरायणाला, म्हणजे आमच्या बडोद्यातल्या संक्रांतीला, पुण्याहून आतेबहीण आली. सोबत नऊ वर्षांचा तिचा लेक. पतंग दोन दिवस उडवून झाले, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायणही झालं आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "आज कुठेतरी नदीकाठी जाऊ या, निवांत." मी म्हटलं, लांब कशाला, विश्वामित्री आहे की घराशी. तर ती चटई शोधायला लागली. तेव्हा तिला सांगावं लागलं की बाई, बडोद्यात नदीकाठी चटई अंथरत नाहीत. काठ मगरींचा आहे. आपण पुलावर उभं राहायचं.

पूल काला घोड्याचा. खरं तर काला घोडा म्हणजे तिथला सयाजीराव महाराजांचा काळ्या ब्राँझचा अश्वारूढ पुतळा, फ्रान्सिस डर्वेंट वुड या इंग्रज शिल्पकाराने 1907 साली घडवलेला. पण पत्ता सांगताना महाराज गळतात, घोडा तेवढा राहतो. माझी आजी यावर चिडायची. "प्राथमिक शिक्षण सक्तीचं नि मोफत केलं संस्थानभर 1906 साली, आणि लोकांच्या तोंडी नाव कोणाचं, तर घोड्याचं!" एवढं बोलून तीही रिक्षावाल्याला "काला घोडा" असंच सांगायची.

पुलाच्या कठड्यापाशी दहाच्या सुमाराला पोचलो. थंडीत हीच वेळ बरी, कारण मगर थंड रक्ताची. ऊन चढलं की ती अंग शेकायला काठावर येते. कठड्याला, झाडांना मांजाचे गुलाबी गुंते लटकत होते. खाली नदी काळपट, मंद, आणि वास... तो लपवून काय उपयोग? बहिणीने रुमाल नाकाला लावला. कुठल्याही सुंदर फोटोत हा वास येत नाही, हे नदीचं नशीब. पण दोन्ही काठांना झाडोरा मात्र असा दाट की शहराच्या मधोमध उभं असल्याचं विसरायला होतं. मला तर वाटतं, तो मगरींच्याच धाकामुळे उरलाय. नाहीतर एव्हाना तिथे पार्किंग झालं असतं.

भाच्याला दहा मिनिटांत चार मगरी दिसल्या. पहिली टायर निघाली, दुसरी ओंडका, तिसरी फाटकं पोतं. चौथीला आम्ही दाद दिली नाही. एव्हाना आम्हाला वाकलेलं बघून एक स्कूटर थांबली. "शुं छे?" मग दुसरी थांबली. इथला नियमच आहे, पुलावर एक माणूस खाली बघायला लागला की पाच मिनिटांत पंधरा जण बघतात, आणि त्यातल्या तिघांना काही न दिसताही सगळं दिसलेलं असतं. खारी सिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, चघळत एक काका शांतपणे म्हणाले, "पेलो बगलो जुओ." बगळा बघा.

बगळा चिखलात उभा होता. त्याच्यापासून दोन हातांवर जी चिखलाची लांबट ढेप होती, तिच्या पाठीवर खवल्यांच्या रांगा होत्या. वाळलेल्या गाळाला भेगा पडल्या होत्या, आणि भेगांमधून मूळचा हिरवट काळा रंग दिसत होता. तोंड सताड उघडं. "ओरडतेय का?" भाच्याने विचारलं. नाही रे, अंगातली जास्तीची उष्णता तोंडावाटे घालवतेय. तेवढ्यात ते तोंड मिटलं. आवाज पुलापर्यंत आला नाही, पण बगळा एक पाऊल सरकला. एकच. पळाला वगैरे नाही. शेजारधर्म.

मग साहजिकच प्रश्न आला, "मावशी, त्या वर येत नाहीत?" येतात. पावसाळ्यात येतात. पावागडच्या डोंगरातून निघणारी ही एवढीशी नदी फुगली की काठ कोणाचा नि रस्ता कोणाचा, काही कळत नाही. सुट्टीत घरोघरी आंब्याचा भाव विचारतात, तसं पावसाळ्यात आम्ही एकमेकांना विचारतो, "काला घोड्याला किती फूट?" पाण्याची उंची याच पुलापाशी मोजतात. 2024 च्या ऑगस्टमध्ये उत्तर आलं, पस्तीसच्या वर. आमच्या इमारतीच्या तळमजल्यात छातीभर पाणी. वरच्या मजल्यावर आम्ही मेणबत्ती लावून पत्ते खेळत होतो, आणि शेजारच्या काकू जिन्याच्या खालच्या पायरीवर टॉर्च मारून "आली का?" विचारत होत्या. कोण, ते सांगायची गरज नव्हती. आली नाही. पाणी ओसरल्यावर मात्र काकू चार दिवस काठी ठोकत जिना उतरायच्या.

पुढे कमाटीबागेत गेलो. 1879 ची बाग, तेव्हा सयाजीराव सोळा वर्षांचे होते. बहिणीची चटई अखेर तिथल्या हिरवळीवर अंथरली गेली. संग्रहालयाचा बेत होता, पण भाच्याचं लक्ष उडालेलं होतं, आणि आमचं सेव उसळीकडे. ती खाल्ली. बहीण पहिल्या घासाला म्हणाली, "ही तर मिसळच." यावर बडोदेकराने वाद घालायचा असतो. मी घातला, मग वरून झणझणीत तरी मागवून घेतली आणि हरले.

घरी येताना गल्लीच्या तोंडाशी फुटलेल्या पाइपाचं डबकं साचलं होतं, जेमतेम घोटाभर. आम्ही दोघी त्यातून पचपच करत गेलो. भाचा थांबला, डबक्याकडे नीट बघितलं, आणि पलीकडच्या फुटपाथवरून लांबचा वळसा घालून आला.