ताडपत्री फोडणारा लव्हाळा

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात मुलुंडच्या सोसायटीतून सेक्रेटरींचा फोन आला, "साहेब, तुमचं लॉन आता ताडपत्रीतूनही उगवायला लागलंय!"

मला वाटलं, टोमणा असेल. जाऊन पाहिलं तर खरंच. पायवाटेच्या गोट्यांखाली आम्ही काळं प्लास्टिक अंथरलं होतं. त्याला भोकं पाडून सुईसारखे हिरवे कोंब वर आले होते. शाळेत लव्हाळ्याची नम्रता शिकलो होतो. ही बाजू कुणी सांगितली नव्हती.

एक दांडी खुडून बोटांत फिरवली. तीन कडा लागल्या. गवताची दांडी गोल, आत बहुधा पोकळ आणि पेरांची. ही भरीव, बिनपेराची. पानंही तीन ओळींत. हा गवत नव्हे, मोथ्याच्या कुळातला. सायपेरस रोटंडस. नाव मला तोंडपाठ, आणि घोळही माझाच. मे महिन्यात लॉन घातलं, पहिल्या पावसात मातीच्या ट्रकबरोबर आलेला लव्हाळा उगवला, आणि मी हुशारी करून तो सगळा पट्टा टिलरने उलथापालथा करायला सांगितला.

आमचे माळीकाका मूळचे रायगडचे, त्यांनी हा भाताच्या बांधावर जन्मभर उपटलेला. त्यांनी खुरप्याने हलकेच माती सारली. तारेसारख्या काळ्या मुळीवर एक गाठ, तिच्यापुढे दुसरी, मग तिसरी. वीतभर खाली गेलो तरी माळ संपेना. वरचा पाला कापला की गाठीतून पुन्हा फुटवा येतो, आणि माळ तोडली की एकेक गाठ स्वतंत्र रोप होते. टिलरने आम्ही नेमकं तेच केलं होतं.

"साहेब, हे बी.एस्सी.त नव्हतं काय?" काका म्हणाले. "चैत्र-वैशाखात उकरायचं. गाठी वर पडतात, उन्हात सुकून मरतात. तुम्ही भर आषाढात पेरणी केलीत."

सेक्रेटरींना ते ऐकू गेलं, हे वाईट झालं.

पण एक कमजोरी याच्यातही आहे: सावली याला सोसत नाही. उघडी, भरपूर उन्हाची जागा हवी. नदीकाठ, पडीक रान, बांध. मग उरलेली जागा लॉनऐवजी दाट झुडपांखाली झाकायची, असं ठरलं. बिल अर्थातच कमी झालं. त्यावर जास्त बोलत नाही.

तेवढ्यात तळमजल्यावरच्या आजी आल्या. बाकावर ठेवलेली गाठ उचलली, नखाने खरवडली, हुंगली. "अगोबाई, नागरमोथा! दिवाळीच्या उटण्यातला." नागरमोथा म्हणून विकतात तो बऱ्याचदा याचा भाऊबंद असतो, हा नुसता मोथा, पण त्या दिवशी मला शास्त्र सांगायचं धाडस झालं नाही.

आजींनी मूठभर गाठी पदरात घेतल्या.

"आजी," काका म्हणाले, "सगळ्याच न्या."