आमची वाटचाल : रात्री दोनला येणारा टॅम्पर

एटीएमच्या केबिनमध्ये चोरीविरोधी यंत्रणा बसवायची आणि ती सांभाळायची, हे आमचं काम. मिरजेत एक गाळा आहे, सात माणसं आहेत. सांगली जिल्ह्यातल्या 64 साइट आमच्याकडे आहेत, आणि त्यातल्या बहुतेक ठिकाणी रात्री पहारेकरी नसतो. मशीन एकटं असतं, म्हणून त्याची राखण तारांनी करायची.

मी आयटीआय करून बाहेर पडलो तेव्हा किराणा दुकानांच्या, पानपट्ट्यांच्या दारात रुपयाचं नाणं टाकून बोलायचे कॉइन बॉक्स लटकलेले असायचे. ते दुरुस्त करत मी धंद्यात आलो. नाणं अडकलं की लोक डब्याला थापा मारायचे, आणि दुकानदार सांगायचा, ‘आपोआप बिघडला.’ घराघरात मोबाइल आला आणि डबे गेले. मग कॅमेरे बसवले, आणि कॅमेऱ्यांच्या ओळखीतून एटीएमची कामं एका मोठ्या एजन्सीकडून पोटकंत्राटाने मिळाली. सुरुवातीला साइट होत्या चार.

नोटाबंदीनंतरचे आठवडे आम्ही विसरलो नाही. 8 नोव्हेंबर 2016 नंतर नव्या आकाराच्या नोटांसाठी प्रत्येक मशीनचं हूड, म्हणजे वरचं झाकण, उघडून नोटांच्या कॅसेट नव्या मापाला जुळवाव्या लागल्या, आणि हूड उघडलं की टॅम्पर, म्हणजे छेडछाडीचा अलार्म, वाजायचा. इंजिनिअर आत काम करतोय, बाहेर रांग, वर हूटर. 2019 तर आणखी अवघड गेलं. रिझर्व्ह बँकेने 14 जूनला परिपत्रक काढलं, की विमानतळासारख्या कडेकोट जागा सोडल्या तर प्रत्येक एटीएम 30 सप्टेंबरच्या आत भिंतीत, खांबात किंवा जमिनीत पक्कं करा. याला आम्ही ग्राउटिंग म्हणतो. आमची सेन्सर काढून पुन्हा बसवायची धावपळ चालू होती, तोवर ऑगस्टमध्ये सांगलीत महापूर आला. पाणी ओसरल्यावर अलार्मचे पॅनल उघडले की आतून गाळ सांडायचा. त्या महिन्यात पोरांनी ज्या घाणीत उभं राहून काम केलं, ते मी आयुष्यभर लक्षात ठेवीन.

पण लिहायला बसलो ते एका साइटसाठी. साखर कारखान्याच्या रस्त्यावरचं एटीएम, हंगामाचे दिवस, रात्रभर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या चालू. तिथून रात्री दोन-अडीचच्या सुमारास टॅम्पर अलार्म यायला लागला. एकदा, मग दोन दिवसांनी, मग सलग तीन रात्री. कंट्रोल रूमचा फोन यायचा, ‘सर, टॅम्पर आलाय, कॅमेऱ्यात कोणी दिसत नाही.’ पोलिसांची गाडी जाऊन बघून यायची, आणि मागोमाग आमचा कामगार थंडीत मोटारसायकलवर पोहोचायचा. केबिनमध्ये सगळं जागच्या जागी.

आम्ही पहिला दोष ट्रॅक्टरना दिला आणि हादरे टिपणाऱ्या व्हायब्रेशन सेन्सरची संवेदनशीलता कमी केली. काही फरक नाही. पॅनलची बॅटरी बदलली, झाकणाचा टॅम्पर स्विच बदलला, शेवटी पॅनलच नवा लावला. उंदराचा संशय आला म्हणून बॅकरूम झाडून काढली. चौथ्या आठवड्यात बँकेच्या साहेबांनी मला बोलावून घेतलं. ‘तेवढा एक झोन बायपास करा, बाकीचे चालू राहू द्या. पोलिसही आता वैतागलेत.’

एजन्सीचा माणूसही तेच म्हणाला. दंड आमच्या बिलातून कापला जात होता, त्यामुळे मोह मलाही झाला. पण एप्रिल 2022 मध्ये आमच्याच मिरज तालुक्यात, आरगला चोरट्यांनी जेसीबी घालून एटीएम उखडलं होतं. ते चित्रीकरण देशभर फिरलं, आणि आमच्या घरात ते कितीदा पाहिलं गेलं त्याला मोजदाद नाही. शिवाय एक गोष्ट या धंद्यात सगळ्यांना ठाऊक आहे. अलार्म मुद्दाम पुन्हा पुन्हा वाजवायचा, लोक कंटाळून तो बंद करतील त्या रात्रीची वाट बघायची, ही चोरांची जुनी रीत आहे. मी साहेबांकडून आठ दिवस मागून घेतले.

त्या रात्री पहिल्यांदा पॅनलची पूर्ण नोंद लॅपटॉपवर उतरवून घेतली. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. दोन गोष्टी लगेच दिसल्या. व्हायब्रेशनचा झोन एकदाही वाजला नव्हता, म्हणजे ट्रॅक्टरचा काही संबंध नव्हता. आणि टॅम्पर दुपारीही येत होता. दिवसा कॅमेऱ्यात ग्राहक दिसले की कंट्रोल रूम तिकीट, म्हणजे अलार्मची तक्रार, तिथेच बंद करायची, म्हणून आमच्या वहीत फक्त रात्रीच्या वेळा होत्या.

पुढचा धागा माझ्या बायकोने पकडला. हिशेब तीच बघते. दंडाच्या तारखा ताळ्यात बसवताना ती म्हणाली, ‘अहो, रात्रीची आणि दुपारची वेळ बरोबर बारा तासांनी येतेय. आणि ज्या दिवशी लाइट गेली, त्यानंतर सगळं तेवढ्याच मिनिटांनी पुढे सरकलंय.’ पॅनल लाइट गेल्या-आल्याचीही नोंद ठेवतो. चाळीस मिनिटं लाइट गेली, की दोन-दहाचा अलार्म पुढे दोन-पन्नासला येत होता. अलार्म रोज येत नव्हता, पण आला तर त्याच वेळेला.

लाइट गेली की थांबणारं आणि आली की तिथूनच पुढे चालणारं घड्याळ केबिनमध्ये एकच होतं, एसीच्या चेंजओव्हरचा टायमर. दोन एसी आळीपाळीने सहा-सहा तास चालतात. म्हणजे दोन नंबरचा एसी दर बारा तासांनी सुरू होतो.

मी आणि आमचा सगळ्यांत जुना कामगार बॅकरूममध्ये जाऊन बसलो. टॅम्परच्या लूपवर मल्टिमीटर लावून ठेवला. या लूपचं काम सोपं आहे. पॅनल तारेतून थोडा प्रवाह सोडतो, तारेच्या दुसऱ्या टोकाला ठरलेला रेझिस्टर असतो, आमच्याकडे 2.2 किलोओहमचा. तार कापली की अडथळा वाढतो, तार जोडून फसवायचा प्रयत्न केला की कमी होतो. दोन्हीकडे पॅनल ओरडतो. मध्यरात्र उलटली, एसी बदलला, कॉम्प्रेसरचा धक्का भिंतीतून जाणवला आणि मीटरवरचं व्होल्टेज क्षणभर वर उडालं. वर गेलं म्हणजे शॉर्ट नव्हे, कुठेतरी जोड सुटत होता.

सकाळी केसिंग-पट्टी उघडत गेलो. दोन नंबरच्या एसीचा तांब्याचा पाइप आणि आमची केबल भिंतीतल्या एकाच भोकातून गेली होती. पाइपावरचा फोम कुजला होता. थंड पाइपावर पाणी धरत होतं आणि केबलवरून ओघळत एका जोडावर येत होतं. तो जोड नुसता पीळ मारून, वर टेप गुंडाळून केलेला होता. टेप सोडली तर आत तार हिरवी पडलेली, कळकलेली. दर बारा तासांनी पाइप हादरला की कधी तार सुटायची, कधी धरून राहायची.

जोड आमचाच होता, ग्राउटिंगच्या धावपळीतला. कोणी केला ते मी विचारलं नाही, कारण घाई माझी होती. बँकेला आणि एजन्सीला जे सापडलं ते फोटोसकट लिहून कळवलं आणि कापलेला दंड परत मागितला नाही. केबल अखंड नवी ओढली, वेगळ्या भोकातून. त्यानंतर त्या साइटवरून टॅम्पर आला तो फक्त दर तिमाहीला आम्ही स्वतः झाकण उघडून तपासतो तेव्हा.

ती भिंत उघडल्यावर मनात दुसरी भीती बसली होती. घाईत काम करणारे रेझिस्टर तारेच्या टोकाला न लावता पॅनलमध्येच लावून टाकतात. पॅनल खूश असतो, सगळं हिरवं दिसतं, पण तार शॉर्ट केली तरी त्याला पत्ता लागत नाही. म्हणजे अलार्म न वाजणाऱ्या साइटच जास्त बघायला हव्या होत्या. आमच्या 64 पैकी 11 साइटवर रेझिस्टर पॅनलमध्ये सापडले. काही आमच्याआधीच्या कंत्राटदाराचे होते, काही आमचे.

आता नियम असा आहे, की भिंतीत जोड नाही. लागलाच तर तो डबीत, डाग देऊन आणि स्लीव्ह चढवून. काम सोपवण्याआधी प्रत्येक लूप टोकाला एकदा तोडायचा, एकदा शॉर्ट करायचा, आणि दोन्ही वेळा कंट्रोल रूममधून ‘आला’ असं ऐकल्याशिवाय साइट सोडायची नाही. नव्या मुलांना याला एक तास जास्त लागतो. तो मी देतो.

त्या अकरापैकी सात साइट स्वतःच्या खर्चाने नीट करून झाल्या. जतकडच्या चार उरल्यात. तिथे पुढच्या सोमवारी गाडी जाणार आहे, आणि पहिल्या दोन दिवसांना मी बरोबर असेन.