एका सर्वे क्रमांकातल्या दोन जमिनी

गोव्यात जमिनीचा झोन, म्हणजे आराखड्यात ठरवलेला तिचा वापर, कोण बदलतो असे विचारले, तर बहुतेक लोक पंचायतीचे किंवा नगरपालिकेचे नाव घेतात. प्रत्यक्षात या संस्थांचा संबंध अगदी शेवटी, बांधकाम परवाना आणि घरपट्टीपुरता येतो. 1974 च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यानुसार पणजी, मडगाव, म्हापसा यांसारख्या शहरांसाठी नियोजन व विकास प्राधिकरणे बाह्य विकास आराखडा, म्हणजे ओडीपी, तयार करतात. उरलेल्या गोव्याला प्रादेशिक आराखडा 2021 लागू असतो. झोन बदलण्याचा अर्ज या आराखड्यांच्या पातळीवर, म्हणजे राज्य सरकारच्या दारात निकाली निघतो आणि त्यानंतरही जमिनीचा वापर बदलण्याची जिल्हाधिकाऱ्यांची सनद, तांत्रिक परवानगी वगैरे पायऱ्या राहतातच. माझी सगळी नोकरी या पायऱ्यांच्या तळाशी, एका तालुका कार्यालयात गेली. जागेवर जायचे, मोजायचे, पाहिलेले लिहून वर पाठवायचे, हे माझे काम. निर्णय माझा नसे. पण निर्णय घेणाऱ्याला जमीन दिसायची ती माझ्या अहवालातूनच.

निवृत्तीच्या थोडे आधी हाताळलेले पेडणे तालुक्यातील एक प्रकरण सांगण्यासारखे आहे. मोप विमानतळ सुरू झाल्यापासून या तालुक्यातील जमिनीचे भाव असे चढले की, ज्या सड्यावर, म्हणजे माथ्याच्या खडकाळ पठारावर, पूर्वी गुरे चरत त्याचेही दलाल फिरू लागले. त्यातच 2023 मध्ये कायद्यात कलम 17 (2) आले. आराखड्यात अनवधानाने राहिलेली चूक किंवा विसंगत झोनिंग असेल, तर ते दुरुस्त करण्याची तरतूद त्यात होती, आणि ही दुरुस्ती करताना लोकांच्या हरकती मागवण्याचे बंधन नव्हते. साहजिकच ज्याला झोन बदलून हवा होता, तो आपल्या जमिनीच्या बाबतीत चूकच झाली आहे असे लिहू लागला.

या अर्जातही तेच लिहिले होते. संपूर्ण सर्वे क्रमांक आराखड्यात बागायत म्हणून दाखवला आहे, खालच्या रस्त्यालगतचा वाडा, म्हणजे घरांची वस्ती, मात्र वसाहत क्षेत्रात, म्हणजे घरे बांधता येणाऱ्या झोनमध्ये आहे, आणि अर्जदाराच्या जागेतही जुने घर उभे आहे. सबब संपूर्ण क्षेत्र वसाहतीत घालावे. सोबत एक-चौदाचा, म्हणजे जमिनीच्या हक्कांचा उतारा, सर्वे नकाशा, समोच्च रेषांचा (समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा आणि त्या घराचे रंगीत छायाचित्र. मूळ भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, जमीन विकली होती आणि नव्या मालकाच्या वतीने एक मुखत्यार सगळे पाहत होता. माणूस बोलायला गोड, कागद नीटनेटके. खरे सांगायचे तर आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत इतकी व्यवस्थित फाइल क्वचितच दिसे.

घराच्या बाबतीत अर्ज खरा होता. ते सत्तरच्या दशकातील सर्वे नकाशावर रेखलेले आहे. मातीच्या जाड भिंती, पुढे सोपा, दारात तुळस, मागे गोठ्याचा चौथरा. घरातल्या आजींनी पत्र्याच्या पेटीतून घरपट्टीच्या जुन्या पावत्या काढून माझ्यापुढे पसरल्या. कुटुंब भाटकाराचे मुंडकार, म्हणजे त्याच्या जमिनीवर घर करून राहणारे. उताऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यात तशी नोंदही होती. "साहेब, पाऊस मागच्या भिंतीतून आत येतो, पण नवी भिंत घालू म्हटलं की नकाशात घरच नाही म्हणून सांगतात," असे त्या म्हणाल्या. वाड्यातली शेजारची घरे वसाहतीच्या रंगात आणि बांधापलीकडचे हे एक घर तेवढे बागायतीत, याला नकाशा रंगवतानाची चूक म्हणायचे नाही तर दुसरे काय म्हणायचे?

मात्र घर जमिनीच्या एका कोपऱ्यात होते आणि अर्ज संपूर्ण डोंगराचा होता. त्या सर्वे क्रमांकाचे जागेवरच तीन भाग पडत होते. खाली रस्त्यालगत घराची सपाट पाटी, मध्ये काजूंनी भरलेला उभा चढ आणि वर जांभ्याचा सडा. प्रादेशिक आराखड्यानुसार 25 टक्क्यांहून अधिक उतारावर विकासाला बंदी आहे, म्हणून अर्जासोबतच्या तक्त्यात सरासरी उतार 18 टक्के दाखवला होता. आकडा खोटा नव्हता. रस्त्यापासून सड्याच्या माथ्यापर्यंतची उंची एकूण अंतराने भागली की तो तेवढाच येतो, कारण खालची पाटी आणि वरचा सडा मधल्या चढाला पोटात घेतात.

मी शिपायाला चढाखाली उभे केले, स्वतः वर बसलो आणि टेपचे टोक जमिनीला लावून टेप आडवी ताणली. आडव्या चार मीटरांत एक मीटर चढ म्हणजे 25 टक्के. चार मीटरांवर टेप त्याच्या कमरेपाशी यायला हवी होती. ती छातीला लागली. पट्ट्यात आणखी काही ठिकाणी मोजले, कुठे थोडे कमी, कुठे जास्त, पण 25 च्या खाली कुठेच नाही. मग तिथेच काजूच्या सावलीत त्यांचा नकाशा उघडला. एक हजारास एक या प्रमाणात मीटरमीटरने काढलेल्या रेषांमध्ये चार मिलिमीटरांपेक्षा कमी अंतर असले की उतार बंदीच्या हद्दीत जातो. मधल्या पट्ट्यात त्या रेषा तीन-तीन मिलिमीटरांवर होत्या. म्हणजे आर्किटेक्टने नकाशा प्रामाणिकपणे काढला होता. तक्त्यातल्या सरासरीने तो झाकला होता, एवढेच.

चढाच्या पायथ्याशी एक झर होती. तिचे पाणी व्हाळातून, म्हणजे ओढ्यातून, खाली जाऊन दुसऱ्या सर्वे क्रमांकातल्या शेतांना मिळते आणि त्यावर तिथे वायंगण, म्हणजे उन्हाळी भात पिकते. आमच्या पाहणीच्या नमुन्यात शेजारच्या जमिनीच्या पाण्यासाठी रकाना नव्हता. अर्ज एका सर्वे क्रमांकाचा, पाहणीही त्याच क्रमांकाची. मी ते शेऱ्यात लिहिले. शेरे कोण किती वाचतो, हा भाग निराळा.

परत निघताना मुखत्याराने आपला मुख्य मुद्दा काढला. त्यात पैशाची भाषा नव्हती. तुम्ही प्रतिकूल लिहिलेत तर अर्ज फेटाळला जाईल आणि आजींचे घर कायमचे बागायतीत अडकेल, असे तो म्हणाला. पूर्ण भेटीत मला पेचात पाडणारे बोलणे हे एवढेच. अर्ज करणाऱ्याला त्या घराशी काही देणेघेणे नव्हते. उद्या झोन मिळाला असता तर मुंडकाराची अडचण पहिल्यांदा त्यालाच वाटली असती. तरीही त्याचे म्हणणे तर्काला धरून होते, कारण नमुन्यात संपूर्ण क्षेत्रासाठी होय किंवा नाही एवढीच सोय होती.

मी अहवालात क्षेत्राची फोड केली. घर आणि त्याभोवतीची पाटी यांच्या बाबतीत चूक झाल्याचे दिसते, जुना सर्वे नकाशा आणि वाड्याचे सलग रूप पाहता दुरुस्ती योग्य ठरेल. मधला पट्टा विकासबंदी उताराचा आहे. सडा बागायत म्हणून दाखवण्यात कोणतीही चूक दिसत नाही, मालकाला तो वेगळ्या उपयोगासाठी हवा आहे, ही गोष्ट वेगळी. शेवटचे वाक्य वरिष्ठांना थोडे उद्धट वाटले, पण त्यांनी ते खोडले नाही.

फाइल वर गेली आणि बराच काळ पडून राहिली. 13 मार्च 2025 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने कलम 17 (2) ची व्याप्ती आवळली आणि त्याखालचे नियम व मार्गदर्शक तत्त्वे रद्दबातल ठरवली. माझ्या मते निकाल योग्यच होता. आराखडा म्हणजे सगळ्या गावाचा हिशेब, तो एकेका प्लॉटच्या अर्जावर फिरवत गेलो तर आराखडा उरतच नाही. मात्र या निकालाने सड्याबरोबर आजींचे घरही थांबले. 2024 मध्ये आलेले कलम 39 अ हा आणखी एक मार्ग होता. त्यात निदान राजपत्रात सूचना काढून 30 दिवस लोकांचे म्हणणे मागवावे लागे. पण प्रत्यक्षात तोही मालकाच्या अर्जाशीच बांधलेला.

म्हणून आजींच्या नातवाला मी झोनच्या मागे लागण्यापूर्वी मामलेदाराकडे जायला सांगितले. मुंडकार कायद्याखाली पंचायत क्षेत्रात घरासह 300 चौरस मीटर किंवा घराभोवतीचे पाच मीटर, यांत जे जास्त असेल तेवढी जागा मुंडकाराला विकत घेता येते. खरेदी झाली, उपविभाग पडला आणि उताऱ्यावर स्वतःचे नाव लागले की दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याच नावाने, तेवढ्याच जागेपुरता करता येईल आणि त्यासोबत डोंगर येणार नाही. खरेदीचा अर्ज त्याने दाखल केला आहे. नव्या मालकाने हरकत घेतली असून पुढची तारीख पडली आहे. सोबत जोडायला मी त्याला सर्वे नकाशाची प्रमाणित प्रत काढून घ्यायला लावली आहे.