हिरवा टँक

दादाला चाळीस पूर्ण झाली, त्या संध्याकाळी माझ्या भाचीनं एक टूम काढली. ज्याचा वाढदिवस, त्याच्या जन्मसालातला आपला सगळ्यात आवडता व्हिडिओ गेम प्रत्येकानं सांगायचा. दादाचं साल १९८५. आईनं "पत्ते चालतील का?" असं विचारल्यामुळे ती लगेच बाद झाली. बाबा पेपर तोंडावर घेऊन झोपले होते. उरलो मी आणि दादा.

दादाच्या तोंडात केक होता, तरी त्यानं सांगून टाकलं, "मारिओ. विषय संपला."

त्याचे विषय लहानपणापासून असेच संपतात.

मी म्हटलं, काँट्रा. भाचीनं मोबाइलवर सातबारा बघावा तसं बघितलं आणि मान हलवली. काँट्रा सत्त्याऐंशीचा. बरं, मग तो बदकं मारायचा, कुत्रा हसतो तो? डक हंट, चौऱ्याऐंशीचा. टेट्रिस? त्याच्यावर तिचं स्वतःशीच भांडण झालं, कारण मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव यांनी तो चौऱ्याऐंशीला केला की पंच्याऐंशीला, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. शेवटी "आत्या, नीट आठव ना," म्हणून तिनं मला मुदत दिली.

तिला कसं सांगणार, की आमच्यासाठी हे सगळे गेम एकाच सालचे आहेत. १९९६. त्या वर्षीच्या मे महिन्यात मुंबईच्या काकांनी कराडला येताना मनीष मार्केटातून व्हिडिओ गेम आणला. खोक्यावर परदेशी वाटावं असं काहीतरी नाव होतं, आत जपानच्या फॅमिकॉम या गेम मशिनची हुबेहूब नक्कल. खरा फॅमिकॉम निन्टेन्डो कंपनीनं जुलै १९८३ मध्ये काढला होता, म्हणजे आमच्यापर्यंत यायला त्याच्या नकलेला तेरा वर्षं लागली. सोबत एक पिवळी कॅसेट. तिच्यावर "९९९ इन १" असं छापलेलं. दादानं पहिल्याच दिवशी वहीत एक-एक गेम उतरवून काढला आणि जाहीर केलं की खरे गेम बाराच आहेत, बाकीचे तेच पुन्हा, नुसती नावं बदललेली. तीन नंबरला मारिओ, सत्तेचाळीसलाही मारिओच, फक्त थोडा पुढून सुरू होणारा. फसवणूक झाली म्हणून आम्हाला वाईट वगैरे काही वाटलं नाही. बारा काय कमी होते?

टीव्हीच्या मागची अँटेनाची वायर काढून गेमची वायर लावायची, चॅनल लावत लावत मुंग्यांमधून चित्र वर काढायचं, आणि चित्र आलं नाही तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची. आता कळतं की फुंकरीचा काही उपयोग नव्हता, उलट तोंडातल्या ओलाव्यानं आतल्या पट्ट्या गंजायच्या. कॅसेट काढून परत बसवल्यामुळेच काय ते काम व्हायचं. पण दादाची एक खास फुंकर होती, डावीकडून उजवीकडे, बासरीवाल्यासारखी. ती मला मारू द्यायचा नाही. "तुझी थुंकी जाते." एका तासाच्या वर खेळलं तर पिक्चर ट्यूब उडते, हा बाबांचा सिद्धांत. त्यामुळे रोज एकच तास. आणि तो तास दादा मारिओ लावायचा.

मारिओमध्ये दोघांनी खेळता येतं. म्हणजे तसं तिथे लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पहिला मरेपर्यंत दुसऱ्यानं बघत बसायचं. दुसऱ्याचा जो लुइजी, त्याला आम्ही "हिरवा मारिओ" म्हणायचो. तो माझा. दादा तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि मरायचाच नाही. नाणी गोळा करत, उड्या मारत, नळांमधून खाली जात तो निवांत चालायचा, आणि मी दुसरा रिमोट मांडीवर घेऊन बसायचे. रिमोटच म्हणायचो आम्ही त्याला. त्या दुसऱ्या रिमोटवर स्टार्ट आणि सिलेक्ट ही बटणंच नव्हती. हा आमच्या नकली मशिनचा दोष आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मग कळलं की जपानमधल्या अस्सल फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटलाही ती नव्हती. म्हणजे धाकट्यानं खेळ सुरूही करायचा नाही आणि थांबवायचाही नाही, ही सोय थेट निन्टेन्डोच्या क्योटोहून झालेली.

"दादा, माझा नंबर कधी?"

"मी मेल्यावर."

दिवेलागणीला देवापाशी वात लावणारी आजी तिथूनच ओरडायची, "शुभ बोल रे नाऱ्या!" दादाचं नाव नाऱ्या नाही. पण तो मुकाट्यानं "मी आउट झाल्यावर" अशी दुरुस्ती करायचा. मग केव्हातरी तो आउट व्हायचा आणि माझा नंबर यायचा. त्याच्या पुढच्या जागेवरून नाही, अगदी पहिल्या पायरीपासून, कारण माझा हिरवा मारिओ तोवर जागचा हललेलाच नसायचा. समोरून ते पहिलंच तपकिरी मशरूमसारखं दिसणारं चालत यायचं. मी उडी मारायचे, पण आधी किंवा नंतर. रिमोट परत मांडीवर.

आणि मग आठवला. "टँक!" मी ओरडले. "टँकचा गेम! तो कधीचा?"

भाचीला टँक म्हणून काही सापडेना. त्याचं खरं नाव बॅटल सिटी, हे मलाही मोठेपणी कळलेलं. नाव सांगितल्यावर तिनं शोधलं आणि डोळे मोठे केले. नाम्को कंपनीनं तो फॅमिकॉमवर ९ सप्टेंबर १९८५ रोजी काढला. मारिओ आला १३ सप्टेंबरला. चार दिवसांचं अंतर! दादा आणि मारिओ एकाच सालचे, तर माझा टँक मारिओपेक्षा चार दिवसांनी मोठा. मोठं असण्याचा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदा मिळाला.

टँकमध्ये दोघं एकाच वेळी. पिवळा टँक दादाचा, हिरवा माझा. इथेही हिरवाच, पण हा हिरवा पहिल्या सेकंदापासून चालायचा. सुरुवातीला ती छोटीशी धून वाजायची आणि नंतर गाणं-बिणं काही नाही, नुसती इंजिनाची घुरघुर. खाली मधोमध विटांच्या चौकटीत एक पक्षी बसलेला. दादा म्हणायचा गरुड आहे, मला ती कोंबडी वाटायची. वरून शत्रूचे टँक यायचे, एका फेरीला वीस. त्यांनी कोंबडी फोडली की खेळ खलास, मग तुमचे कितीही जीव शिल्लक असोत. आमची वाटणी ठरलेली होती. दादा पुढे जाऊन मारणार, मी कोंबडी राखणार. घरातही हेच होतं, तो क्रिकेटला आणि मी दूध उतू जाऊ नये म्हणून गॅसपाशी. पण टँकमध्ये राखणदारीला मान होता. दादाच्या हातून सुटलेला टँक विटा फोडत खाली आला आणि मी तो अगदी कोंबडीच्या दारात उडवला की दादा माझ्याकडे न बघता म्हणायचा, "बरं झालं."

आणखी एक गंमत होती. आपल्याच जोडीदाराला गोळी लागली तर तो मरत नाही, जागच्या जागी लुकलुकत उभा राहतो. चुकून लागायची. कधीकधी चुकून लागायची नाही. मारिओमधल्या त्या सगळ्या बसून काढलेल्या संध्याकाळींचा हिशेब मी फावड्याच्या वेळी चुकता करायचे. फावडं मिळालं की कोंबडीभोवतीच्या विटांचं पोलाद व्हायचं, थोडा वेळ. ते घ्यायला दादा धावत निघाला की मी त्याला लुकलुकवून स्वतः घ्यायचे. तो किंचाळायचा. आजी वात सोडून बाहेर यायची.

पहिल्या पडद्यावर तिसरा पर्याय असायचा, कन्स्ट्रक्शन. दादाच्या मते तिथे बिल्डिंगचं काम चालू असणार, म्हणून आम्ही महिनाभर तिकडे फिरकलोच नाही. एका दुपारी तो झोपला असताना मी आत गेले. तेरा बाय तेराचं रिकामं अंगण! त्यात हव्या तिथे विटा, पोलाद, पाणी, झाडी ठेवायची आणि मग त्याच नकाशावर खेळायचं. मी आधी कोंबडीभोवती पोलादाची दुहेरी भिंत घातली. मग विटांनी शिरोरेघ ओढून खाली माझ्या नावाचं पहिलं अक्षर काढायला घेतलं. काना येईपर्यंत जागा पुरली आणि लाइट गेली. त्यात काही साठवून ठेवायची सोयच नव्हती, वीज गेली की गाव गेलं. त्या उन्हाळ्यात मी ते अक्षर किती वेळा बांधलं असेल, देव जाणे.

दादानं हे सगळं ऐकलं आणि वकिली सुरू केली. मारिओ हा चाळीस केबीत बसवलेला गेम आहे, आपल्या फॅमिली ग्रुपवर येणारं सकाळचं गुलाबाचं फूल त्याच्याहून जड असतं. त्यातलं झुडूप आणि ढग हे एकच चित्र आहे, नुसता रंग बदललाय. मारिओ बनवणाऱ्या मियामोतोंनी काय डोकं लावलंय! आणि तुझा टँक? त्या काळी अमेरिकेत अधिकृतपणे आलासुद्धा नाही.

हे खरं आहे. बॅटल सिटी तिकडच्या निन्टेन्डो मशिनवर निघालाच नाही. म्हणून तिकडच्या लोकांनी केलेल्या पंच्याऐंशीच्या याद्यांत मारिओ असतो आणि टँक बहुधा नसतो. पण रशियात डेंडी नावाच्या अशाच नकली मशिनवर पोरांनी तो खेळला आणि आमच्याकडे पिवळ्या कॅसेटीतून. याद्या करणाऱ्यांना मोठे भाऊ नसावेत.

वाद मिटेना, तेव्हा भाचीनं लॅपटॉपवर टँक लावून दिला. एकाच कीबोर्डावर दोघं, त्यामुळे कोपर कोपराला लागत होतं. दादानं न विचारता पिवळा घेतला. ती धून वाजली, घुरघुर सुरू झाली, आणि माझा हात आपोआप डावीकडे वळून कोंबडीपाशी जाऊन थांबला. तिसऱ्या फेरीत फावडं आलं. दादानं माझ्याकडे बघितलं. मी त्याला लुकलुकवला.

"चीटिंग!" चाळीस वर्षांचा माणूस किंचाळला, आणि बाबांच्या तोंडावरचा पेपर खाली पडला.

आमच्या मागे भाची खुर्चीच्या पाठीवर हनुवटी टेकून उभी होती. पाचवी फेरी झाली, सहावी झाली.

"बाबा, माझा नंबर कधी?"

"आम्ही मेल्यावर," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

आतून आई ओरडली, "अरे, वाढदिवस आहे ना आज!"