लाल शाईची पट्टी

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मजकूर मागणारं शाळेचं पत्र हातात पडलं आणि सर्वात आधी आठवली ती पुठ्ठ्याची एक पट्टी. आठवी 'ब'च्या फळ्याखाली खडू ठेवायची लाकडी कड होती. तिच्यावर बाई शब्दांच्या पट्ट्या ओळीनं उभ्या करत. बाई म्हणजे इंग्रजीच्या बाई, आपल्या शाळेत नाव सांगावं लागत नाही. बाकीच्या पट्ट्या निळ्या शाईच्या, एकच लाल. तिच्यावर लिहिलेलं असे 'इग्झॅक्टली', म्हणजे नेमकं.

ओळ साधी असे. 'ही पेड मी व्हॉट ही ओड', म्हणजे त्याच्याकडे निघत होते तेवढे पैसे त्यानं मला दिले. सहा शब्द, सहा पट्ट्या. आता लाल पट्टी कुठे घालायची? पुढे आलेल्या बहुतेकांचा हात 'पेड'च्या आधी जाई. बाई रागवत नसत. पट्टी उचलून 'व्हॉट'च्या आधी ठेवत आणि म्हणत, "ज्याचं माप, त्याला खेटून." माप देण्याच्या क्रियेचं नाही, दिलेल्या रकमेचं आहे. एक पैसा कमी नाही की जास्त नाही. या एका नियमावर बाईंनी वर्षभर वाक्यं तोलून घेतली.

आकड्याला तो थेट लागू होतो. 'ऍट इग्झॅक्टली टेन'. 'इग्झॅक्टली ऍट टेन' असंही लोक म्हणतात आणि ते चूक नाही, पण बाईंची पसंती पहिल्याला, कारण माप दहाचं आहे. सरळ प्रश्नात शब्द बहुधा प्रश्नशब्दाच्या मागून येतो, 'व्हॉट इग्झॅक्टली डू यू वाँट?' तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की सहसा आधी येतो, 'टेल मी इग्झॅक्टली व्हेअर यू लिव्ह'. आणि एखादी गोष्ट जशीच्या तशी करायची असेल तर कर्म झाल्यावर, शेवटी. 'कॉपी इट इग्झॅक्टली'. 'कॉपी इग्झॅक्टली इट' कधीच नाही.

एक रजेचा अर्ज मात्र विसरता येत नाही. एका मुलाला ताप आला होता आणि धाकट्या भावानं त्याचा अर्ज आणून दिला. ताप कधी उतरेल ते नक्की माहीत नाही, हे सांगायला त्यानं लिहिलं होतं 'आय इग्झॅक्टली डोन्ट नो'. बाईंनी नाव न वाचता तेवढीच ओळ फळ्यावर लिहिली आणि अख्खा तास तिच्यावर घेतला. चूक कुठून आली हे त्यांनी आधी दाखवलं. मराठीत 'नक्की माहीत नाही' म्हणताना 'नक्की' पुढे आणि नकार मागे. इंग्रजीत नकार आधी हवा, कारण नाकारायचं असतं ते माहितीचं नेमकेपण. म्हणून 'आय डोन्ट नो इग्झॅक्टली व्हेन...'. तिथूनच 'नॉट इग्झॅक्टली'कडे वळल्या. कुणाला उत्तर म्हणून ते दिलं की अर्थ होतो 'अगदी तसंच नाही', म्हणजे समोरच्याचा मान राखून दिलेला नकार. 'ही इज नॉट इग्झॅक्टली पूअर' यात तर मोजमाप उरतच नाही, 'तो काही गरीब नाही म्हणायचा' एवढंच. चार दिवसांनी मुलगा आला तेव्हा अर्ज त्याला परत मिळाला. खाली बाईंच्या अक्षरात दुरुस्त ओळ होती, पण मूळ ओळीवर कुठेही काट नव्हती.

वहीचं शेवटचं पान मराठी शब्दांसाठी राखलेलं असे. बरोबर दहा वाजता, नेमकं काय हवंय, नियम तंतोतंत पाळले, हुबेहूब वडिलांसारखा दिसतो, या चारही ठिकाणी इंग्रजीत हा एकच शब्द चालतो. पण उलटं चालत नाही, आणि मराठी माध्यमाची मुलं फसतात ती इथेच. 'अगदी लहान' म्हणजे 'व्हेरी स्मॉल'. 'नक्की येईन' म्हणजे 'आय विल डेफिनेटली कम'. 'नेमका त्याच दिवशी पाऊस आला' यातला वैताग 'इग्झॅक्टली'त उतरत नाही, तिथे 'ऑफ ऑल डेज' लागतं. 'इग्झॅक्टली सेम' लिहिलं की बाई मधल्या 'द'साठी वही परत करत. 'इग्झॅक्टली सिमिलर' त्यांना चालत नसे, कारण सारखेपणात थोडा फरक गृहीतच असतो. 'इग्झॅक्टली अबाउट टेन' तर स्वतःलाच खोडतं. पुढे नाम आलं की शेपूट काढायचं, 'द इग्झॅक्ट अमाउंट'.

उच्चारही त्यांनी घोटून घेतला. आघात 'क्स'च्या पुढच्या स्वरावर असेल तर बहुधा 'ग्झ', म्हणून इग्झॅम, इग्झिस्ट, इग्झॅक्ट. आघात पहिल्याच स्वरावर असेल तर 'क्स' बहुधा तसाच राहतो, जसा एक्सरसाइजमध्ये.

हे बारकावे केवळ भाषेच्या पेपरापुरते नाहीत. सेमी-इंग्रजीच्या मुलांना गणितात तीन नाणी फेकायला सांगतात. 'इग्झॅक्टली टू हेड्स' म्हणजे दोनच छापे, आठपैकी तीन शक्यता. 'ऍट लीस्ट टू' म्हणजे चार, कारण तीन छापेही त्यात आले. 'ऍट मोस्ट टू' म्हणजे सात. शब्दाकडे नीट पाहिलं नाही तर गणित येऊनही उत्तर चुकतं. करारपत्रांच्या भाषांतरात, जे आज माझं रोजचं काम आहे, 'नेमके', 'किमान' आणि 'कमाल' यांची अदलाबदल झाली तर पैसे जातात.

आता स्वाध्यायपुस्तिकेत गाळलेल्या जागा असतात. जागा आधीच आखलेली, मुलानं फक्त शब्द भरायचा. पण या शब्दाची सगळी परीक्षा जागेचीच आहे, आणि तीच कुणी विचारत नाही, याचं वाईट वाटतं.

नव्या इमारतीत फळ्याला लाकडी कड नाही असं ऐकलं. म्हणून या मजकुरासोबत पट्ट्यांचा एक संच आठवी 'ब'साठी पाठवत आहे. जाड पुठ्ठा, प्रत्येक पट्टी सहा इंच लांब आणि दोन इंच रुंद, मागच्या बाकावरून वाचता येईल एवढं अक्षर, पाठीला चुंबक. सहा निळ्या, एक लाल.