काब्वेची माती आणि अर्धवट उपचार

झांबियाची राजधानी लुसाका सोडून उत्तरेला सुमारे १४० किलोमीटर गेले की काब्वे हे शहर लागते. १९२१ मध्ये इथल्या खाणीत आदिमानवाची एक कवटी सापडली आणि मानववंशशास्त्राच्या वाचकांना हे गाव तिच्यामुळेच, ब्रोकन हिल या जुन्या नावाने, ठाऊक असते. ती कवटी लंडनच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहे. त्याच खाणीतल्या शिशाने आसपासच्या वस्त्यांच्या अंगणांचे जे केले, त्याकडे मात्र जगाने फार उशिरा पाहिले, याची मला मनापासून खंत वाटते.

विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झालेले इथले शिसे व जस्त काढण्याचे आणि गाळण्याचे काम १९९४ मध्ये थांबले. भट्ट्या विझल्या, धुराडी थंड झाली. पण एवढ्या दशकांत धुराबरोबर उडून जमिनीवर बसलेले शिसे कुठेही गेले नाही. कीटकनाशके किंवा तेल मातीतल्या जिवाणूंमुळे हळूहळू विघटित होऊ शकते. शिसे हे मूलद्रव्यच असल्याने त्याचे विघटन होत नाही. ते सेंद्रिय पदार्थ, चिकणमाती आणि लोहाची ऑक्साइडे यांना घट्ट चिकटते, पावसाच्या पाण्याबरोबर सहसा खोल झिरपत नाही, आणि म्हणून वरच्या काही सेंटिमीटरच्या थरातच, म्हणजे नेमके जिथे मुले खेळतात, स्त्रिया झाडलोट करतात आणि कोंबड्या उकरतात तिथेच, साचून राहते. कॅडमियम या दुसऱ्या विषारी धातूचे वागणे वेगळे असते. आम्लधर्मी जमिनीत ते सहज सुटे होऊन पालेभाज्यांच्या मुळांवाटे पानांत चढते. शिसे मात्र मुळांपेक्षा धुळीवाटे अधिक पोहोचते: हातावरून तोंडात, पानांवरून ताटात आणि वाऱ्यावरून घरात.

अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने निवासी जमिनीसाठी दर किलोग्रॅम मातीमागे ४०० मिलिग्रॅम शिसे ही सावधगिरीची पातळी दीर्घकाळ मानली होती आणि जानेवारी २०२४ मध्ये ती २०० वर आणली. काब्वेच्या बाधित भागांत हा आकडा हजारोंच्या घरात जातो. खाणीला लागून असलेल्या कसांडा, मकुलुलू आणि चोवा या वस्त्यांना याची सर्वाधिक झळ बसली आहे. लहान मूल पोटात गेलेल्या शिशापैकी चाळीस ते पन्नास टक्के शोषून घेऊ शकते, प्रौढ माणूस साधारण दहा टक्के. आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असेल तर हे शोषण आणखी वाढते. म्हणजे ज्या घरात अन्न अपुरे, त्याच घरातले मूल या मातीपुढे सर्वांत दुबळे ठरते.

रक्तातील शिसे दर डेसिलिटरला ४५ मायक्रोग्रॅमवर गेले की शरीरातले शिसे बांधून लघवीवाटे बाहेर काढणारे औषध सुरू करतात. ते आवश्यकच आहे. परंतु औषध घेऊन मूल त्याच अंगणात परतले, तर रक्तातली पातळी पुन्हा चढणार, शिवाय हाडांत साठलेले शिसेही रक्तात उतरत राहणार. नायजेरियातील झाम्फारा येथे २०१० मध्ये शिसेयुक्त सोन्याच्या खनिजाची धूळ घरोघरी पसरून शेकडो मुले दगावली, तेव्हा तिथे काम करणाऱ्या ‘सीमारहित डॉक्टर’ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय मदत संस्थेने उपचारांना मातीच्या सफाईची जोड असलीच पाहिजे असा आग्रह धरला. रुग्णसेवेत हयात घालवणाऱ्यांनी फावड्यालाही औषधाइतकेच महत्त्व द्यावे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

काब्वेत जागतिक बँकेच्या कर्जातून दोन प्रकल्प झाले. त्यांपैकी दुसरा, २०१६ मध्ये मंजूर झालेला, साडेसहा कोटी डॉलरहून मोठा होता. घराभोवतीची दूषित माती उचलणे किंवा तिच्यावर स्वच्छ मातीचा जाड थर देणे, गवत लावणे, मुलांची तपासणी व उपचार अशी ही कामे. पण खाणीच्या कचऱ्याचे लक्षावधी टनांचे ढिगारे उघडेच राहिले. त्यांतल्या एका टेकाडाला लोक ब्लॅक माउंटन म्हणतात. उदरनिर्वाहासाठी गरीब माणसे तिथे आजही उकरतात, दगड फोडतात, आणि त्या कचऱ्यातून पुन्हा धातू काढण्याचे परवानेही देण्यात आले. मे ते ऑक्टोबर या कोरड्या महिन्यांत वारा ही धूळ वस्त्यांवर नेतो, म्हणजे साफ केलेले अंगणही पुन्हा मळते.

जबाबदारीचा वाद न्यायालयात आहे. १९७४ पर्यंत खाणीशी संबंध असलेल्या अँग्लो अमेरिकन उद्योगसमूहाच्या दक्षिण आफ्रिकी कंपनीविरुद्ध २०२० मध्ये सामूहिक दावा दाखल झाला. कंपनीने जबाबदारी नाकारली, जोहान्सबर्गच्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सामूहिक दाव्याला परवानगी नाकारली आणि पुढे अपिलाची मुभा मिळाली. निकाल कोणताही लागो, कामाचा क्रम त्यासाठी अडायला नको: आधी ढिगारे कायमचे झाकावेत आणि तिथे खोदणाऱ्यांना दुसरे काम मिळावे, मग वाऱ्याच्या दिशेने एकेक वस्ती पूर्ण साफ करावी, रस्ते डांबरी करावेत, आणि औषध घेतलेल्या मुलाला साफ झालेल्या घरातच परत पाठवावे.