निळूभाऊंची यादी अर्ध्यावर का थांबते?

निळू फुले यांच्या चित्रपटांची मी उत्तम ते वाईट अशी क्रमवार यादी केली आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. 'सामना' पहिला का नाही, हा एक. आणि यादी मध्येच का संपते, तळाचा चित्रपट कोणता हे का सांगत नाही, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी कोल्हापुरात गंगावेशीपासून बिंदू चौकापर्यंत भेटेल त्याला दिले आहे. दुसऱ्याचे मात्र नीट कधी दिलेले नाही, आणि त्यामुळे मी कोणाला तरी भितो असा समज पसरला आहे. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी पहिले. उसाच्या पट्ट्यात राहून, चेअरमनांच्या गाड्या आणि गळीत हंगाम पाहत मोठ्या झालेल्या माणसाला 'सामना'तला निळूभाऊंचा साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील घरचाच वाटतो, त्यामुळे कोल्हापुरात 'सामना' दुसऱ्या क्रमांकावर ठेवणे म्हणजे भांडण ओढवून घेणे. जब्बार पटेलांचा हा चित्रपट 1975 साली बर्लिनच्या महोत्सवात गेला, विजय तेंडुलकरांची पटकथा आहे, समोर डॉ. श्रीराम लागू आहेत. हे सगळे मला मान्य आहे. हिंदूराव डोळे वटारत नाही, उलट त्या दारुड्या मास्तरला तो आपुलकीने घरी ठेवून घेतो, आणि त्या आपुलकीचीच धास्ती वाटते, हेही मान्य आहे. तरीही 1979च्या 'सिंहासन'मधला दिगू टिपणीस मी वर ठेवतो. ज्या नटाचे अर्धे भांडवल त्याच्या खर्जातल्या आवाजात आणि रेंगाळत्या शब्दफेकीत होते, त्याला तिथे बहुतेक वेळ फक्त ऐकायचे आहे. मुख्यमंत्री झालेले आपले अरुण सरनाईक बोलतात, अर्थमंत्री झालेले लागू बोलतात, आणि हा पत्रकार ऐकतो. शेवटी त्याचे भान सुटते तेव्हा ते ऐकलेले सगळे एकदम बाहेर पडते. हातातले हत्यार काढून घेतल्यावर नट काय करतो, यावर मी क्रम लावतो. चित्रपट किती थोर आहे, यावर नाही. म्हणूनच 'पिंजरा' माझ्या यादीत बराच खाली आहे. तो चित्रपट लागूंचा आणि संध्याबाईंचा आहे. आमच्या जिल्ह्यातल्या शंकर पाटलांचे संवाद आणि खेबूडकरांची गाणी असूनही तो खाली का, असे विचारणारे जिल्ह्याचा अभिमान आणि निळूभाऊंचे काम यांत गल्लत करतात. तिसऱ्या क्रमांकावर 1968चा 'एक गाव बारा भानगडी' आहे, कारण त्यातल्या त्यांच्या झेले अण्णामध्ये पुढचा सगळा माणूस आधीच हजर आहे. 'सखाराम बाइंडर' यादीत नाही, कारण ते नाटक. 'सारांश' मधोमध आहे. पडद्यावरचा दुर्जन प्रत्यक्षात राष्ट्र सेवा दलाचा सज्जन कसा होता, ही गोष्ट आता पुरे झाली. तिने क्रम बदलत नाही.

आता तळाविषयी. सत्तरीच्या अखेरीपासून पुढे असे कितीतरी चित्रपट निघाले, ज्यांत त्यांना तोच सरपंच, तेच धोतर, तीच तिरकी नजर आणि तोच वाड्यातला प्रसंग देण्यात आला. त्यांतला एक मी शेवटच्या क्रमांकासाठी नक्की केला होता. पटकथा नावाला, गाणी ठिगळासारखी आणि शेवटची मारामारी बघवत नाही अशी. शिवाजी पेठेतल्या माझ्या घरी काही मित्रांना तो मुद्दाम दाखवला, कारण निकालाला साक्षीदार हवे होते. त्यांत शेजारचे नानाही होते. नानांनी उमेदीची वर्षे इथल्या चित्रीकरणांवर लाइटमन म्हणून काढली, हे मला माहीत होते. ते या चित्रपटावर होते, हे माहीत नव्हते.

पाऊण चित्रपट होईपर्यंत मी मोठ्या उत्साहाने चिरफाड करत होतो आणि मंडळी हसत होती. मग वाड्याच्या सोप्यातला एक प्रसंग आला. सरपंच झोपाळ्यावर बसून समोरच्या गड्याचे बोलणे ऐकतो आहे, चेहरा जवळून घेतलेला आहे आणि डोळ्यांवर उजेडाची एक आडवी पट्टी आहे, तेवढीच. नाना उठले, टीव्हीजवळ गेले आणि त्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाले, "सर, ह्यो उजेड माझा हाय." भर उन्हात अंगणात उभे राहून, चांदीचा कागद लावलेला रिफ्लेक्टर दोन्ही हातांनी पेलून त्यांनी तो सोप्यात टाकला होता. जरा हात हलला की पट्टी डोळ्यांवरून कपाळावर जायची आणि शॉट वाया जायचा. "तुम्ही त्यो पिच्चर वंगाळ म्हनलासा. आसंल. तुम्ही बघितलासा, आम्ही केलाय," एवढे बोलून ते चहासुद्धा न घेता गेले. पावसाळा उलटेपर्यंत ते माझ्याकडे फिरकले नाहीत. गल्लीत समोर आले तरी "काय सर" म्हणून पुढे जात.

तेव्हापासून मी तळाचे नाव लिहिलेले नाही. यावर यादी सुरू केली तेव्हाचा मी मला सोडत नाही. तो म्हणतो, तिकीट काढून बसलेल्याला घाम दाखवू नये. वाईट चित्रपटावरही शंभर माणसे राबलेली असतात, मग काय सगळेच पहिले? त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. चित्रपट वाईटच आहे, त्याबद्दल मी एक शब्द मागे घेणार नाही. पण ती पट्टी पुन्हा पुन्हा पाहिल्यावर असेही दिसले की, त्या एका शॉटमध्ये निळूभाऊ नुसते ऐकत आहेत, दिगूसारखेच, आणि तेही दिगूच्या तोडीचे. मग माझ्याच कसोटीने या चित्रपटाला कुठला क्रमांक द्यायचा? एका शॉटसाठी अख्खा चित्रपट वर नेता येत नाही, आणि तो शॉट माहीत असताना चित्रपट शेवटचा म्हणवत नाही. त्याच्या जागी दुसरा ठेवावा, तर त्यातही कुणाचा तरी हात अवघडला असेलच.

मागच्या दिवाळीत खुद्द नानांनीच फराळाला बसल्यावर "छापा की ते नाव, आडवलंय कुनी?" असे विचारले. मी विषय बदलला. ते मनापासून म्हणाले की मला टोचायला, हे अजून कळलेले नाही. तेव्हा तळाविषयी कृपया विचारू नका. 'सामना' आणि 'सिंहासन' यांवर भांडायचे असेल तर केव्हाही या. तिथे मी हटणार नाही.